चौकट एका रंगात, भिंत दुसऱ्या: मधली कड सरळ आणण्याची पद्धत

भिंतीला कुठला रंग द्यायचा यावर घरात महिनाभर खल चालतो. दाराच्या चौकटीचा विषय मात्र ‘तोच आपला पांढरा नाहीतर चॉकलेटी’ म्हणून दोन मिनिटांत संपतो. काम झाल्यावर डोळ्याला खुपतं ते नेमकं तिथेच. भिंतीवर चढलेला ऑइल पेंटचा फराटा, चौकटीवर उडालेले भिंतीच्या रंगाचे ठिपके, काचेवर वाळलेली पुसट नक्षी. पहिल्यांदा ब्रश हातात घेणाऱ्याला वाटतं की आपला हात स्थिर नाही म्हणून असं होतं. हाताचा दोष यात थोडाच असतो. बहुतेक वेळा कुठला रंग आधी आणि कुठला नंतर, हेच चुकलेलं असतं.

इथे जे सांगितलंय ते आपल्याकडच्या नेहमीच्या खोलीला धरून आहे: सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी, भिंतीला इमल्शन म्हणजे ज्याला आपण सरसकट प्लास्टिक पेंट म्हणतो ते, लाकडी चौकटीला आणि दाराला ऑइल पेंट, खिडकीला लोखंडी ग्रिल. नवीन फ्लॅटमध्ये अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि दगडी चौकटी असतील तर तुमचं अर्धं काम वाचलं. तिथे फक्त झाकायचं आहे.

आधी क्रम ठरवा

भिंतीचं इमल्शन पाण्याचं असतं. ते पक्क्या सुकलेल्या ऑइल पेंटवर सांडलं तर ओल्या फडक्याने लगेच पुसलं की मागे काही राहत नाही. उलट, ऑइल पेंट इमल्शनच्या भिंतीला लागला तर पुसताना तो पसरतो, आणि टर्पेंटाइन लावून पुसायला गेलात तर भिंतीवर तेलकट डाग पडतो. म्हणून चौकट आणि भिंत जिथे मिळतात तिथे शेवटची कड पुसता येणाऱ्या रंगाने काढायची. म्हणजे चौकट आधी पूर्ण करायची आणि भिंतीचा शेवटचा हात सर्वांत मागून.

पूर्ण खोलीचा क्रम असा लागतो:

१. छत.
२. भिंतीला प्रायमर, पुट्टी, घासणी, पुन्हा प्रायमर आणि इमल्शनचा पहिला हात. चौकटीजवळ नाजूकपणा करायची गरज नाही, फक्त जाड थर साचू देऊ नका.
३. ग्रिल, चौकट, दार, खिडकी: अस्तर म्हणजे प्रायमर, आणि ऑइल पेंटचे दोन हात.
४. ऑइल पेंट पक्का सुकू द्यायचा.
५. भिंतीचा शेवटचा हात, आधी कडा आणि मग मधला भाग.

बरेच रंगारी हे उलट करतात. भिंत पूर्ण संपवतात आणि शेवटी चौकटीला ऑइल पेंट मारतात. त्यांचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने बसलेला असतो, शिवाय शेवटच्या दिवशी चौकट चकचकीत दिसली की मालक खूश होतो. तुम्ही त्यांचं अनुकरण करू नका.

हल्ली लाकडासाठी पाण्यात मिसळणारं एनॅमलही, म्हणजे ऑइल पेंटच्या जागी द्यायचा पाण्याचा रंग, मिळतं. त्याला वास कमी, ते लवकर सुकतं आणि पांढरं एनॅमल पिवळं पडत नाही. (नेहमीचा पांढरा ऑइल पेंट काही वर्षांनी पिवळसर होतो, आणि उजेड न मिळणाऱ्या जागी, म्हणजे कपाटाच्या आत किंवा दाराच्या मागे, जास्तच होतो.) क्रम त्यालाही हाच, पण भिंतीचं काम सुरू करण्याआधी ते पुरतं घट्ट होऊ द्या. नाहीतर ओल्या फडक्याने दोन्ही रंग सोबतच निघून येतील.

सामान

दोन इंची ब्रश दोन घ्या, एक पाण्याच्या रंगासाठी आणि एक ऑइल पेंटसाठी. ते आपसात बदलू नका. कडा काढायला तिरकस कापलेल्या केसांचा ब्रश मिळाला तर उत्तम; मोठ्या दुकानात मिळतो, गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडे बहुधा सरळच असतो. पैसे वाचवायचेत तर रोलरवर वाचवा, ब्रशवर नको. स्वस्त ब्रशचे केस गळतात, आणि ऑइल पेंटमध्ये अडकलेला केस सुकल्यावर उपटायला गेलं की खड्डा पडतो. नवा ब्रश वापरण्याआधी तळहातावर जोरात आपटून आणि केस ओढून सैल केस काढून टाका.

ग्रिलसाठी एक इंची ब्रश, एक इंची मास्किंग टेप, पुट्टीची पत्ती, १२०, १८० आणि ३२० नंबरचे पॉलिश पेपर, एक डबी अॅक्रेलिक सीलंट, टर्पेंटाइन, जुनी सुती फडकी आणि एक बॅटरी. बॅटरी कशाला ते पुढे येईल. ऑइल पेंट किती घ्यायचा? नेहमीच्या एका दाराला, दोन्ही बाजू आणि चौकट धरून, दोन हातांना साधारण एक लिटर लागतो.

टेपबद्दल थोडं. पार्सल बांधायची तपकिरी टेप इथे कामाची नाही. तिचा गोंद रंगाचे पोपडे ओढून काढतो आणि तिच्या कडेखाली रंग सहज शिरतो. कागदी, सुरकुतलेली मास्किंग टेप लागते. साधी पिवळसर टेप एक दिवसात काढायची. उन्हाच्या खिडकीवर दोन दिवस राहिली तर कागद हातात येतो आणि गोंद काचेवर बसतो. तसं झालंच तर खोबरेल तेल चोळून अर्धा तास ठेवा, मग पुसा. निळी टेप महाग असते पण तिचा गोंद हलका असतो, ताज्या रंगावर लावायची तर तीच घ्यावी.

जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरायची पद्धत आहे. ती घसरतात, आणि ओल्या रंगाला चिकटून बुटासोबत घरभर फिरतात. जुनी चादर किंवा नऊवारीचा जुना तुकडा जास्त चांगला, तो सांडलेला रंग पिऊन टाकतो.

कडेचं खरं काम रंगाच्या आधी होतं

चौकट आणि गिलावा यांच्यामध्ये बहुतेक घरांत बारीक भेग असते. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं, गिलावा जागचा हलत नाही, त्यामुळे ती पडणारच. ही भेग तशीच ठेवून तुम्ही कितीही जपून ब्रश फिरवलात तरी कड सरळ दिसत नाही, कारण मध्ये एक काळी वाकडी रेघ आधीच आहे. तिथे पुट्टी भरू नका. पुट्टी कडक असते, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तडकते. अॅक्रेलिक सीलंटची बारीक रेघ सोडायची, ओल्या बोटाने एकदाच फिरवून सपाट करायची आणि सुकू द्यायची. दुकानदार सिलिकॉन पुढे करेल. ते बेसिनला ठीक आहे. सिलिकॉनवर रंग बसत नाही, थेंब थेंब होऊन सरकतो. डब्यावर ‘रंग देता येतो’ असं स्पष्ट लिहिलेलं पाहूनच घ्या.

त्याच वेळी चौकटीवर आधीच्या रंगकामात सांडलेले गोळे, ओघळ, सिमेंटचे ठिपके पत्तीने खरवडून काढा. भिंतीची पुट्टी चौकटीवर चढलेली असेल तर ओल्या फडक्याने मऊ करून काढा. नवीन फ्लॅटमध्ये हे फार सापडतं. चौकटीची कड जिथे संपते तिथे बोट फिरवून बघा. बोटाला धार स्पष्ट लागली पाहिजे. बोटाला लागली की ब्रशलाही लागते, आणि मग तुमचं निम्मं काम ती धारच करते.

घासताना एक काळजी. घर जुनं असेल आणि दारांवर रंगाचे अनेक थर असतील तर ते कोरडे घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या छटांत, शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. काळा वॉटर पेपर घेऊन पाणी लावत घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, मुलांना त्या दिवशी खोलीत येऊ देऊ नका आणि खाली पडलेला चिखल झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपून घ्या.

चौकटीवर जुना चकचकीत ऑइल पेंट असेल तर नवा हात देण्याआधी १८० नंबरने त्याची चकाकी मारायची. पूर्ण खरवडायची गरज नाही, फक्त तो मंद दिसायला हवा. पाण्याचं एनॅमल देणार असाल तर ही पायरी टाळूच नका, नाहीतर सहा महिन्यांत नखाने पापुद्रे निघतील.

कडी, कोयंडा, मूठ, बेलची पट्टी काढून ठेवा. पाच मिनिटांचं काम असतं, तरी लोक त्याभोवती ब्रश फिरवत अर्धा तास घालवतात. बिजागऱ्या काढणं कठीण असेल तर त्यांवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. वर उडालेला रंग नंतर फडक्याने निघतो. व्हॅसलीन लाकडाला मात्र लागू देऊ नका, तिथे रंग धरणार नाही. स्विचबोर्डच्या प्लेटा मेन स्विच बंद करून सैल करा आणि ब्रश त्यांच्या मागून न्या. प्लेटेच्या कडेने रंग फिरवला की पुढच्या वेळी बोर्ड उघडताना भिंतीची खपली निघते.

चौकट आणि दार

ऑइल पेंट डब्यातून थेट वापरू नका. जुन्या स्टीलच्या डब्यात अर्धा पेला काढून घ्या. वर साय धरली असेल तर जुन्या ओढणीच्या कापडातून गाळून घ्या. घट्ट वाटला तर थोडं टर्पेंटाइन, डब्यावर लिहिलं असेल तितकंच. जास्त पातळ केला की ओघळ येतात, आणि घट्ट रंग जाड लावला की वरचा थर आधी सुकून सुरकुत्या पडतात. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमी चांगले.

ब्रशचे केस एक तृतीयांशच बुडवा. मग डब्याच्या आतल्या बाजूला दोनदा हलकेच आपटा. काठावर निपटून घेऊ नका, त्याने एका बाजूचा सगळा रंग जातो आणि ब्रश तिरका चालतो.

दारात आधी कडा, मग मधला भाग, वरून खाली, आणि शेवटचा फराटा लाकडाच्या रेषांच्या दिशेने. चौकटीच्या भिंतीकडच्या कडेला ब्रश फार भरलेला नको. थोडासा रंग भिंतीवर गेला तर घाबरू नका, भिंतीचा शेवटचा हात अजून यायचा आहे. मात्र तिथे जाड कड राहू देऊ नका. ती सुकली की इमल्शनखालीही उंचवटा दिसतो, आणि चकचकीत ऑइल पेंटवर इमल्शन नीट धरत नाही. राहिलीच तर सुकल्यावर ३२० नंबरने सपाट करा.

दोन खोल्यांत दाराचे रंग वेगळे असतील तर नवख्या माणसाला हमखास पडणारा प्रश्न: दाराची जाडीची कड कुठल्या रंगात? नियम सोपा आहे. दार ज्या खोलीत उघडतं तिथे उभं राहून ते उघडा. कुलपाची कड तुम्हाला दिसते, म्हणून ती त्या खोलीच्या रंगाची. बिजागरीची कड दुसऱ्या खोलीतून दिसते, म्हणून ती दुसऱ्या रंगाची. चौकटीतही तसंच: दार मिटल्यावर ज्या खाचेत बसतं ती खाच दार उघडतं त्या खोलीच्या रंगात, आणि दार ज्याला टेकतं त्या पट्टीपासून पलीकडचं सगळं दुसऱ्या. रंग बदलायचा तो लाकडाच्या धारेवर, सपाट भागात कधीच नाही.

दार रात्री बंद करायचं असेल तर रंगकाम सकाळी आटपा. हाताला सुकलेलं वाटणारं दार चौकटीला दाबून बसलं की चिकटतं, आणि सकाळी उघडताना दोन्हीकडचा रंग सोबत घेऊन येतं. दोन हातांमध्ये किमान एक रात्र द्या.

खिडकी आणि ग्रिल

ग्रिल खरं तर आधी रंगवायचं, चौकटीच्याही आधी, कारण त्याचे शिंतोडे सगळीकडे उडतात. गंज तारेच्या ब्रशने घासा, लोखंडाचा प्रायमर द्या, मग एक इंची ब्रश. गज आणि चौकट जिथे मिळतात तिथे आधी गजाचा रंग चौकटीवर थोडा जाऊ द्या आणि नंतर चौकटीच्या रंगाने गजाभोवती कड काढा.

लाकडी तावदानाच्या खिडकीत काचेवर टेप लावताना ती लाकडाला अगदी भिडवू नका. एखादा मिलिमीटर काच उघडी सोडा. रंग तेवढा काचेवर आला की काच आणि लांबी (काच बसवायला लावलेली पुट्टी) यांमधली फट बंद होते आणि पावसाचं पाणी आत मुरत नाही. जास्तीचा रंग सुकल्यावर साबणाचं पाणी लावून ब्लेड तिरकं धरून खरवडा. काच कोरडी ठेवून ब्लेड चालवलं तर ओरखडे उठतात.

भिंतीचा शेवटचा हात

चौकटीचा ऑइल पेंट निदान दोन दिवस सुकू द्या, पावसाळी हवेत चार दिवस. नखाने दाबून ठसा उमटला नाही म्हणजे पुढे जायला हरकत नाही.

चौकटीवर टेप लावायची की नाही? लावा, पहिल्या खेपेला तरी. पण टेपवर भरवसा ठेवून ब्रश बेफिकीर चालवू नका. टेप चौकटीच्या धारेवर बरोबर बसवा, ओढून ताणू नका. ताणलेली टेप नंतर आक्रसते आणि जागा सोडते. हातभर लांबीचे तुकडे पुरतात. लावून झाली की भिंतीकडची कड पत्तीने किंवा जुन्या कार्डाने दाबत जा. टाइल्सच्या स्कर्टिंगवर, म्हणजे भिंतीच्या पायाशी असलेल्या पट्टीवर, टेप लावण्याआधी वरची धार ओल्या फडक्याने पुसा आणि सुकू द्या. तिथे वर्षानुवर्षांची धूळ असते, आणि टेप सुटते ती तिथेच.

आता ब्रशने चौकटीभोवती, स्कर्टिंगच्या वर आणि छताखाली दोन-तीन इंचांची पट्टी काढायची. रंगारी याला कटिंग मारणं म्हणतात. ब्रश रंगात बुडवून थेट कडेला टेकवायचा नाही. कडेपासून अर्धा-पाऊण इंच दूर टेकवा, तिथे जास्तीचा रंग उतरू द्या आणि मग ब्रश हळूहळू कडेकडे ढकलत एका लांब ओढीत खाली या. केस थोडे दबून पसरतात आणि त्यांच्यापुढे रंगाचा बारीक मणी तयार होतो. कड तो मणी काढतो. नजर ब्रशवर ठेवू नका, ब्रश जिथे पोचायचा आहे तिथे ठेवा. मनगट घट्ट धरून पूर्ण हात खांद्यापासून फिरवला की रेघ सरळ येते; बोटांनी लिहिल्यासारखं केलं की ती थरथरते.

एका वेळी एकच भिंत घ्या. कटिंग ओलं असतानाच रोलर फिरवून त्याच्यात मिसळा. चारही भिंतींचं कटिंग सकाळी आणि रोलर दुपारी असं केलं तर कडेने गडद चौकटी दिसतात, आणि गडद रंगात त्या लांबूनही ओळखू येतात.

छत आणि भिंत मिळतात तो कोपरा आपल्या घरांत क्वचितच सरळ असतो. गवंड्याचा हात जसा फिरला तसा तो वरखाली जातो. अशा वेळी कोपरा पकडून कड काढायचा हट्ट करू नका. छताचा पांढरा रंग भिंतीवर तीन-चार मिलिमीटर खाली येऊ द्या आणि त्याखाली सरळ रेघ काढा. खालून बघणाऱ्याला रेघ सरळ दिसते, कोपऱ्याची वळणं पांढऱ्यात हरवतात. दोन भिंती दोन रंगांच्या असतील तर रंग आतल्या कोपऱ्यात बदला. बाहेर आलेल्या कोपऱ्यावर रंग बदलला की धार पहिल्याच महिन्यात खुर्च्या लागून खरचटते आणि मागचा रंग डोकावतो.

टेप रंग पुरता सुकण्याआधी काढायची. शेवटचा हात संपवून हात धुतले की टेपकडे वळा. सुटं टोक टेपच्याच अंगावर मागे वळवून, सुमारे ४५ अंशांत, सावकाश ओढा. रंग सुकून गेला असेल तर आधी कडेवरून धारदार ब्लेड हलकेच फिरवा, नाहीतर रंगाची पूर्ण पट्टी टेपसोबत निघून येईल. आता बॅटरी काढा आणि भिंतीला चिकटवून तिरका उजेड टाका. राहिलेले ठिपके, चौकटीवर गेलेला रंग, ओघळ सगळं दिसतं. चौकटीवरचं ताजं इमल्शन पुट्टीच्या पत्तीवर ओलं फडकं गुंडाळून तिच्या धारेने पुसा. बोटाने पुसलं की कड पुन्हा बिघडते.

अर्ध्या भिंतीचा पट्टा

जिन्यात, बोळात, मुलांच्या खोलीत खालचा तीन-चार फुटांचा भाग ऑइल पेंटचा आणि वर इमल्शन ही पद्धत शाळा, दवाखाने आणि चाळींच्या जिन्यांत वर्षानुवर्षं आहे. डाग पुसता येतात, हात लागून भिंत काळी होत नाही. सरकारी हिरव्या रंगामुळे ती बदनाम झाली, एवढंच. आजही मुलं आणि सायकल असलेल्या घरात मी हीच सुचवेन.

इथे मात्र वरचा नियम उलटतो. चौकटीजवळ दोन रंग कडेला कड भिडतात, इथे एकाच सपाट भिंतीवर एक रंग दुसऱ्यावर चढणार आहे. इमल्शनवर ऑइल पेंट घट्ट बसतो. चकचकीत ऑइल पेंटवर इमल्शन बसत नाही. म्हणून आधी वरचं इमल्शन पूर्ण करा, रेघेच्या खाली दोन इंच येऊ द्या, आणि ऑइल पेंट शेवटी.

रेघ आखायला जमिनीपासून फुटपट्टीने मोजत जाऊ नका. फरशीला उतार असतो, रेघही उतरते. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, तिच्यात पाणी भरा आणि आत हवेचा बुडबुडा नाही हे पाहा. एका कोपऱ्यात उंची ठरवून खूण केली की नळीतलं पाणी तीच पातळी दुसऱ्या कोपऱ्यात दाखवतं. दोन खुणांमध्ये दोरी ताणून धरा, मध्ये बोटांनी ओढून सोडा. दोरीला नीळ लावा, गेरू नको; गेरूचा लाल डाग फिक्या रंगातून वर येतो. खुणा पेन्सिलीने करा. बॉलपेन आणि मार्करची शाई दोन हातांनंतरही उमटते.

रेघेच्या वरच्या बाजूला टेप लावा आणि मग सगळ्यांत उपयोगी युक्ती करा: टेपच्या खालच्या कडेवरून वरच्याच इमल्शनचा एक पातळ हात फिरवा. टेपखाली शिरायचं ते हेच इमल्शन शिरेल, आणि ते वरच्याच रंगाचं असल्यामुळे दिसणार नाही. फट बंद झाली. दोन तासांनी ते सुकलं की ऑइल पेंट द्या. आपल्या भिंती कधीच आरशासारख्या नसतात. पुट्टीचे बारीक खळगे असतात आणि टेप कितीही दाबली तरी तिथून रंग झिरपतो. हा एक हात दिला की तो झिरपायला वाट राहत नाही. दोन्ही रंग पाण्याचे असतील तेव्हाही, म्हणजे एका भिंतीवर त्रिकोण किंवा पट्टे काढतानाही, हेच करायचं.

ताज्या इमल्शनवर टेप लावण्याआधी किमान २४ तास थांबा, दोन दिवस थांबलात तर आणखी बरं. भिंतीवर चुना किंवा जुनं डिस्टेंपर असेल तर आधी कोपऱ्यात बोटभर टेप लावून काढून पाहा. पांढरी भुकटी टेपला आली तर ती भिंत टेप धरणार नाही. जुना थर खरवडून प्रायमर द्या, नाहीतर दोरीच्या खुणेवर मोकळ्या हाताने कड काढा.

कड तरीही थोडी थरथरली तर तिच्यावर अर्ध्या-पाऊण इंचाची तिसऱ्या रंगाची पट्टी मारा. चाळीच्या जिन्यात दोन रंगांमध्ये ती चॉकलेटी रेघ दिसते, ती उगीच नाही. त्यासाठी दोन समांतर टेपा लावा आणि मधल्या जागेत एकच हात द्या. पणजीच्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीत पिवळ्या-निळ्या भिंतींवर खिडक्यांभोवती पांढरे पट्टे असतात. तसं बाहेरच्या भिंतीवर काही करायचं असेल तर दोन्ही रंग बाहेरच्या भिंतीसाठीचेच घ्या. आतलं इमल्शन पहिल्या पावसाळ्यात उतरायला लागतं.

हवामान आणि घाई

पावसाळ्यात हे काम काढू नका. ऑइल पेंट दिवसेंदिवस चिकट राहतो आणि त्यावर किडे बसतात. दिवाळीच्या आधी सगळ्यांनाच रंग हवा असतो, पण पाऊस नुकताच गेलेला असतो आणि बाहेरच्या भिंतीत ओल मुरलेली असते. तिच्यावर पुट्टी भरली की संक्रांतीपर्यंत पोपडे सुटतात. दिवाळीलाच हवं असेल तर त्या वर्षी फक्त दारं-खिडक्या आणि आतल्या कोरड्या भिंती घ्या. बाहेरच्या भिंती फेब्रुवारी-मार्चसाठी ठेवा. एप्रिल-मेच्या दुपारी उलट त्रास: इमल्शन ब्रशखालीच सुकतं आणि ओढीचे व्रण राहतात. तेव्हा सकाळी लवकर सुरू करा आणि पंखा बंद ठेवा.

मधल्या विश्रांतीत ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवला तर रात्रभर ओला राहतो. काम संपलं की इमल्शनचा ब्रश वाहत्या पाण्यात, ऑइल पेंटचा आधी टर्पेंटाइनमध्ये आणि मग साबणाने धुवा. टर्पेंटाइनने भिजलेली फडकी गोळा करून बंद पिशवीत ठेवू नका. बाहेर पसरून वाळवा आणि मग टाका. दोन्ही रंगांचा थोडा थोडा भाग लहान हवाबंद बरण्यांत भरून ठेवा, आणि बरणीवर कंपनी, छटेचा क्रमांक, खोलीचं नाव आणि तारीख लिहा. हा क्रमांक दुकानातल्या मशीनने डब्याच्या झाकणावर चिकटवलेल्या कागदावर असतो. डबा भंगारात देण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.